साथ कोणाची? : बाखच्या नावावरील एक नृत्यमालिका

योहान सेबास्टिअन बाखच्या कृतिसूचीत १०२५ या क्रमांकावर असलेली व्हायोलिन आणि हार्प्सिकॉर्ड यांची नृत्यमालिका दीर्घकाळ संशयाच्या छायेत होती. कुरांत, साराबांद, मिन्युएट ही तिच्यातील नृत्यरूपे त्या काळाच्या परिपाठातलीच. संशय येई तो व्हायोलिनमुळे. ते बोलते गोड, परंतु गप्प राहिले तरी संगीत फारसे कोठे अडत नाही. हार्प्सिकॉर्डच्या दोन हातांत बहुतेक सारे आधीच सांगून झालेले असते. याच दोन वाद्यांसाठी लिहिलेल्या सहा सोनाटांमध्ये बाखने तिन्ही स्वरधारा एकमेकींवाचून अपुऱ्या ठेवल्या आहेत. त्यांच्या कर्त्याने असे सैल काम का करावे, हा प्रश्न रास्तच होता.

१९९३ मध्ये ख्रिस्तोफ वोल्फ यांनी त्याचा उलगडा केला. हार्प्सिकॉर्डवर वाजते ती ड्रेस्डेन दरबारचा ल्यूटवादक सिल्व्हिअस लेओपोल्ड वाइस याची ल्यूट-सोनाटा होय. व्हायोलिनची ओळ तिच्यावर मागाहून चढविलेली आहे. आरंभीची फँटसी तेवढी वाइसच्या सोनाटेत आढळत नाही. १७३९ साली वाइस लाइप्त्सिगला बाखच्या घरी आला होता, आणि त्या भेटीशी या कृतीचे नाते जोडण्याचा मोह स्वाभाविक आहे. पण त्याने कृतीची प्रत ठरत नाही.

कर्तृत्वाचा निर्णय लागला म्हणजे मूल्याचा लागला, असेही नव्हे. व्हायोलिनची ओळ काल जेवढी अनावश्यक होती तेवढीच आजही आहे. बदलला तो तिला विचारावयाचा प्रश्न. स्वयंपूर्ण अशा मूळ कृतीवर लिहिलेले हे भाष्य आहे. तेव्हा त्या भाष्याने मूळ उजळते की झाकोळते, हे पाहिले पाहिजे.

ल्यूटचा स्वर छेडताक्षणी विरू लागतो. म्हणून तिच्यासाठी लिहिणारा स्वरधारा अखंड चालवीत नाही. तो ठिपके मांडतो आणि मधली रेघ श्रोत्याच्या कानावर सोपवितो. व्हायोलिनचा गज ही रेघ प्रत्यक्ष ओढून दाखवितो. साराबांदेच्या संथ, त्रिमात्रक चालीत दुसऱ्या मात्रेवर भार रेंगाळतो, आणि हार्प्सिकॉर्डला तर स्वर धरून ठेवताच येत नाही. तेथे ही रेघ खरोखर काही देते. द्रुत नृत्यांत मात्र व्हायोलिन पुष्कळदा सूचित झालेलेच उच्चारून सांगते. सुबोध टीकेने श्लोकातील ध्वनी मारावा, तसे काहीसे होते. फँटसीत हा दोष नाही. तिथे दोन्ही वाद्ये एकमेकांची वाट पाहतात, एकमेकांना उत्तर देतात.

'साथीसह व्हायोलिन' ही अशा रचनांची रूढ ओळख येथे उलटी करावी लागते : साथ व्हायोलिनची आहे. वादकाने ती मानली नाही आणि एकलवादनाच्या दिमाखात गज चालविला, तर मूळ ठिपके पुसले जातात. त्याने गज हलका ठेवला, तर निदान मिन्युएटमध्ये तरी वाइसची ल्यूट ऐकू येत राहते.