नाट्यसंहिता आणि वादीचा वकील

डेव्हिड बॉल यांचे ‘बॅकवर्ड्स अँड फॉरवर्ड्स’ (१९८३) मी नाट्यवाचनासाठी हाती घेतले होते. नाटक शेवटाकडून मागे वाचावे, प्रत्येक कृतीमागची कृती शोधावी, हे त्याचे सूत्र. हेच बॉल पुढे अमेरिकेत नुकसानभरपाईचे दावे लढवणाऱ्या वकिलांचे शिक्षक झाले. आरंभीच्या निवेदनात अशिलाच्या जखमा आधी सांगू नका, प्रतिवादीने काय केले ते वर्तमानकाळात सांगा, असे ते शिकवतात. हा सल्ला नाटकवाल्याचाच, आणि मला तो पटतो.

डॉन कीनन यांच्यासह लिहिलेल्या ‘रेप्टाइल’मध्ये (२००९) मात्र घसरण आहे. पॉल मॅक्लीन यांच्या त्रिस्तरीय मेंदूच्या, आता मेंदूविज्ञानाने मागे टाकलेल्या कल्पनेवर ते उभे आहे: ज्यूरीतल्या माणसाला त्याचा स्वतःचा, त्याच्या गावाचा धोका जाणवू द्या. ‘वादीच्या जागी स्वतःला ठेवून पाहा’ असे ज्यूरीला सांगायला तिथली न्यायालये मनाई करतात. मला ही त्यावरची पळवाट वाटते. नाट्यगृहात आपण दुसऱ्याच्या दुःखाने हलतो. इथे तो दुसराच बाजूला पडतो. अर्थात पाय गमावून विमा कंपनीच्या वकिलांसमोर बसलेल्या माणसाला भरपाई हवी असते. माझ्या या तक्रारीचे त्याला काय?