मुलांचे दप्तर आणि कलेचे दप्तर

मराठीत 'दप्तर' हा शब्द दोन अर्थी चालतो. मुलाच्या पाठीवर असते तेही दप्तर आणि पेशव्यांचे कागद रुमालांत बांधून ठेवले तेही दप्तरच. या दुसऱ्या दप्तरातून गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतरच्या चार वर्षांत ४५ खंड निघाले, तेव्हा अस्सल कागदावाचून इतिहास सांगू नये हा धडा महाराष्ट्र शिकला. कलेच्या बाबतीत मात्र हा धडा आम्ही अद्याप गिरविला नाही. चित्रकार म्हटला की आम्हांस आख्यायिका पुरे होतात.

हाँगकाँग येथे २००० साली स्थापन झालेली 'एशिया आर्ट आर्काइव्ह' ही संस्था या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे. ती चित्रे जमवीत नाही. चित्रांभोवतीचे कागद जमविते. पत्रे, टिपणवह्या, प्रदर्शनांच्या सूचीपुस्तिका, छायाचित्रे हे तिचे धन. बडोद्याचे ज्योती भट्ट, के. जी. सुब्रमण्यन, गुलाममोहम्मद शेख व रतन परिमू यांच्या संग्रहांच्या संगणकीय प्रती तिने करविल्या आहेत. बडोद्याच्या ललितकला विद्याशाखेत आरंभीच्या काळात चित्रकला शिकविणारे ना. श्री. बेंद्रे हे इंदूरचे मराठी गृहस्थ होते, हे ध्यानी घेता या कागदांशी आमचे नाते अगदीच दूरचे नाही.

शाळांच्या भेटी व शिक्षकांच्या कार्यशाळा हाही या संस्थेच्या कार्याचा एक भाग आहे. त्याचा मेळ तेथील परीक्षापद्धतीशी बसतो. हाँगकाँगमध्ये २०१२ पासून चालू झालेल्या शालान्त परीक्षेत दृश्यकला घेणाऱ्या विद्यार्थ्यास चित्र काढावे लागते, तसेच कलाकृतीविषयी विचारपूर्वक लिहावेही लागते. शिवाय आपल्या शोधाची वही राखावी लागते. अशा विद्यार्थ्यास चित्रकाराची खोडलेली, पुन्हा काढलेली रेघ दाखविली तर तीत त्याला स्वतःच्या वहीचेच रूप दिसेल. पूर्ण झालेले चित्र मुलाला दबकावते. अपुरे टिपण त्याला धीर देते.

आमच्याकडे काय आहे? एलिमेंटरी व इंटरमीजिएट या परीक्षांनी पिढ्यान् पिढ्या मुलांचे हात तयार केले, हे ऋण आम्ही अमान्य करीत नाही. परंतु त्या हाताची परीक्षा घेतात. डोळ्याला प्रश्न विचारीत नाहीत. श्रेणी मिळाली, दहावीस चार गुण वाढले, की रंगपेटी माळ्यावर जाते.

वसईच्या एव्हरशाईन सिटीत इमारतींच्या रांगांतून सकाळी शाळांच्या गाड्या निघतात. अशाच एका शाळेच्या मुलांबरोबर मुंबईतील एक प्रदर्शन पाहावयास जाण्याचा योग आम्हांस आला होता. जाण्यायेण्यात दिवस सरला. दालनात मुले पाऊण तास होती. हात लावू नका, बोलू नका, रांग मोडू नका, हे तीन उपदेश झाले आणि एक छापील प्रश्नपत्रिका भरून घेण्यात आली. एका मुलीने विचारले, "सर, हे पुरे झाले हे त्यांना कळले कसे?" आमच्यासह एकाही वडीलधाऱ्याला उत्तर देता आले नाही. उत्तर चित्रात नव्हतेच. ते चित्रकाराच्या टिपणवहीत असावयाचे, आणि ती वही तेथे नव्हती.

दप्तरखान्याची भेट म्हणजे रामबाण उपाय, असे आम्ही म्हणत नाही. कागदाचीही पूजा होऊ शकते. जुने पत्र काचेखाली ठेवून मुलांना त्यापुढे उभे केले, तर चित्राच्या जागी पत्र आले एवढाच फरक. दुसरी अडचण भाषेची. संगणकावर मोकळ्या असलेल्या या संग्रहाभोवतीचे बरेचसे विवेचन इंग्रजीत आहे. वसईच्या मुलाच्या हातात यंत्र असले तरी वाट दाखविणारा मराठी शब्द नाही. हा दोष संस्थेपेक्षा आमचाच अधिक. आमच्या मासिकांतून झालेली कलाचर्चा आम्हीच रद्दीत घातली.

यासाठी हाँगकाँगला जाण्याचे कारण नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी निर्माण झालेल्या आमच्याच पालघर जिल्ह्यात याहून कठीण धडा पडून आहे. वारल्यांचा लग्नचौक स्त्रियांनी लिहावा, लग्न व्हावे आणि चौक भिंतीवरच झिजून जावा, अशी रीत होती. १९७० च्या सुमारास भास्कर कुलकर्णी यांच्यासारखे लोक कागद व रंग घेऊन तेथे गेले. जिव्या सोमा मशे यांचे नाव जगभर झाले आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हा मान सर्वथा योग्य होता. परंतु भिंतीवर लिहिणाऱ्या असंख्य हातांची नावे कोणत्या दप्तरात आहेत? कागद आला तेव्हा स्मृती टिकली, आणि कोणाची टिकावी हेही त्याच वेळी ठरून गेले. दप्तर निष्पक्षपाती नसते, हे मुलाला शिकविण्यास याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. भेट एक दिवसाची असो, तयारी व पाठपुरावा मात्र वर्षाचा असावा. एव्हरशाईन सिटीतील प्रत्येक वर्गाने एखादा कारागीर निवडावा: पाट्या रंगविणारा, गणपतीची आरास करणारा, अथवा एखाद्या घरची भिंतीवर चौक लिहिणारी आजी. त्याची कच्ची रेखाटने, हिशेबाचे चिठोरे, त्याच्याच शब्दांतील हकीकत मुलांनी मराठीत उतरून घ्यावी, तारीख घालावी आणि शाळेच्या कपाटात ठेवावी. काय ठेवले आणि काय टाकले, याचे कारणही लिहावे. पुढच्या वर्षीच्या मुलांनी ते कपाट उघडून त्यातील चुका काढाव्यात.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस अजून देता आलेले नाही. परंतु ते शोधण्याची जागा कोणती, एवढे तरी तिला सांगणे हे आमच्या पिढीचे कर्तव्य होते. तिच्या पाठीवरच्या दप्तरात पुस्तके आम्ही पुष्कळ भरली. दुसऱ्या दप्तराची किल्ली तेवढी द्यावयाची राहिली.