छोटे खेळ आणि खरा अभिप्राय

मराठी मासिकांत 'साभार पोच' आणि 'अभिप्राय' ही सदरे फार जुनी आहेत. नवा कवी आपला पहिला संग्रह संपादकांकडे धाडी, आणि यथावकाश त्यावर चार ओळी छापून येत: पुस्तक वाचनीय आहे, छपाई सुबक आहे, प्रयत्न स्तुत्य आहे. या ओळींनी कोणाचे मन दुखावत नसे हे खरे; परंतु त्या वाचून कोणा कवीची पुढील कविता अधिक चांगली उतरली असेल, असे आम्हांस वाटत नाही. उलटपक्षी, पहिल्याच पुस्तकावर असा आसूड ओढावयाचा की लेखकाने पुन्हा लेखणी हाती धरू नये, हीही रीत आपल्याकडे होती. तोंडपुजेपणा आणि निर्दयपणा यांखेरीज टीकेस तिसरा मार्ग आहे की नाही, हा प्रश्न आज एका नव्या क्षेत्रात उभा राहिला आहे.

ते क्षेत्र म्हणजे व्हिडिओ गेमचे. हे नाव ऐकताच पुष्कळ घरांतील वडील मंडळींच्या कपाळास आठी पडते. मुलांचा अभ्यास बुडविणारी वस्तू, एवढीच त्याची ओळख. परंतु शेकडो माणसे कामास लावून मोठ्या कंपन्या जे खेळ काढतात, त्यांहून निराळे असे छोटे खेळही आहेत. एक-दोन किंवा फार तर आठ-दहा माणसे कोणा मोठ्या कंपनीच्या आश्रयावाचून ते रचतात. चित्रे, संगीत, कथा आणि गणित ही सारी त्यांना आपसांतच उरकावी लागतात. ज्या कृतीस असा ओळखू येणारा कर्ता आहे, ती टीकेसही पात्र आहे, असे आम्ही समजतो.

किंबहुना, पुस्तकापेक्षा खेळास अभिप्रायाची गरज अधिक आहे. कादंबरीकार आपले लिखाण महिनाभर बाजूस ठेवून काहीसा परक्याच्या नजरेने वाचू शकतो. खेळकर्त्यास ते फारसे साधत नाही. दार कोठे आहे, किल्ली कोणत्या कोनाड्यात आहे, हे सारे त्याच्या बोटांस पाठ झालेले असते. जो प्रथमच खेळत आहे, तो कोठे गोंधळतो, कोठे कंटाळतो, कोठे हरखतो, हे दुसऱ्याने सांगितल्यावाचून त्यास कळत नाही.

आम्ही हे माकणीस बसून लिहीत आहो. गावालगत निम्न तेरणा प्रकल्पाचा जलाशय पसरलेला आहे. असे समजू की, येथील एखाद्या पदवीधर तरुणाने वर्षभर संध्याकाळी खपून एक लहानसा खेळ रचला: रात्रीच्या वेळी होडीत बसून जलाशय ओलांडावयाचा, वारा पाहून वल्हे मारावयाचे, आणि कंदील विझण्यापूर्वी पैलतीर गाठावयाचा. आता एकाने म्हटले, 'वा, छान!' दुसऱ्याने म्हटले, 'अगदीच टाकाऊ!' या दोन्ही बोलण्यांतून त्या तरुणाच्या हाती काय लागले? काहीच नाही. तिसरा मात्र म्हणाला, 'तिसऱ्या फेरीत वारा फिरला हे मला समजलेच नाही. होडी पाच वेळा उलटली, तेव्हा कंटाळून मी खेळ बंद केला. परंतु कंदील मंद होऊ लागला त्या वेळी छातीत खरोखर धडधड झाली.' हा खरा टीकाकार होय.

त्याच्या उत्तरार्धाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. कडू औषधावर साखर पेरावी तशी ती स्तुती नव्हे. पूर्वार्धाइतकेच तेही वृत्तच आहे. आपल्या खेळात जीव कोठे आहे हे त्या तरुणास कळले नाही, तर दुरुस्तीच्या भरात तो कंदीलच काढून टाकावयाचा! म्हणून उत्तेजन आणि सत्य यांत विरोध नाही. जे खरोखर साधले आहे ते नेमके दाखविणे, हेच खरे उत्तेजन.

तसेच, आपणांस काय झाले ते सांगावे; उपाय सांगण्याची घाई करू नये. 'वाऱ्यासाठी बाण काढा' असे आपण म्हणू. पण कर्ता कदाचित काठचे लव्हाळे वाकवील, आणि ते अधिक सुंदर ठरेल. दोघांच्या कृतीकडून शेकडो माणसांच्या कृतीचा थाटही मागू नये. परंतु मूळ कल्पनाच फसली असेल, तर तेही लपवू नये. नवखे मन दुखावेल, अशी शंका कोणी घेतील. आमच्या मते, दोष खेळास द्यावा, माणसास देऊ नये, एवढे पथ्य पाळले म्हणजे पुरे. खोट्या स्तुतीवर विसंबून पुढची दोन वर्षे घालविणे, हे त्याहून पुष्कळ दुःखदायक आहे.

हे झाले कल्पित उदाहरण. प्रत्यक्षातले हवे असल्यास पुण्याकडे पाहावे. तेथील 'नोडिंग हेड्स गेम्स' या छोट्या संस्थेने २०२० साली 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा खेळ प्रसिद्ध केला. धाकट्या भावाच्या शोधार्थ निघालेली एक मुलगी त्याची नायिका आहे. जगभरच्या टीकाकारांनी त्यातील चित्रकलेची आणि संगीताची वाखाणणी केली. पण झुंजीतील अवघडलेपणास आणि एकाएकी येणाऱ्या शेवटास नावेही ठेवली. 'भारतीयांचा पहिला प्रयत्न' म्हणून कोणी डोळेझाक केली नाही, आणि हाच त्या खेळाचा खरा सन्मान झाला. २०२२ साली निघालेल्या नव्या आवृत्तीत झुंजीत सुधारणा झाली आणि हिंदी संवादही आले.

अशा टीकेची सवय लावणारी एक प्रथाही उल्लेखनीय आहे. 'लुडम डेर' नावाची स्पर्धा २००२ साली सुरू झाली. तिच्या मूळ प्रकारात एकट्याने ४८ तासांत खेळ पुरा करावयाचा. नंतर सुमारे तीन आठवडे स्पर्धकांनीच एकमेकांचे खेळ खेळून गुण आणि अभिप्राय द्यावयाचे. निदान वीस जणांनी गुण दिल्यावाचून खेळास क्रमांक मिळत नाही. आणि जो इतरांचे खेळ खेळतो, त्याचा खेळ इतरांच्या दृष्टीस अधिक पडतो. दुसऱ्याच्या कृतीकडे लक्ष दिल्यावाचून आपल्या कृतीकडे लक्ष मागू नये, हा धडा आमच्या साहित्यसंमेलनांनीही गिरविण्याजोगा आहे.

माकणीसारख्या गावी अशा स्पर्धेचे सोबती हाताशी नसतात. तेथे तरुणाचा पहिला खेळाडू म्हणजे त्याचा बाप, त्याची बहीण, किंवा त्याचा शिक्षक. मुलाने आपला खेळ पुढे केला असता 'हे सोड, नोकरीचे बघ' असे म्हणणे सोपे आहे, आणि न खेळताच 'छान हो' म्हणणे त्याहून सोपे. आमची विनंती एवढीच की, अर्धा तास काढून तो खेळ शेवटपर्यंत खेळावा, आणि होडी कोठे उलटली ते त्यास सांगावे.