सरासरीचा नकाशा आणि रे रोडचा पाऊस

पावसावर संशोधन करायचं ठरवलं की प्रपोजलच्या पहिल्याच पानावर आपण एक नकाशा चिकटवतो: भारताचे ३६ हवामान उपविभाग, प्रत्येकाला एक रंग. मीही चिकटवला होता. आज त्याच नकाशावर थोडी टीका करायची आहे. नकाशा चुकीचा नाही, पण आपण त्याला भलतेच प्रश्न विचारतो.

मध्य महाराष्ट्र हा उपविभाग बघा. त्यातला एकटा सातारा जिल्हा घ्या. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. सह्याद्रीला धडकलेली दमट हवा वर चढते, थंड होते आणि घाटमाथ्यावरच रिती होते. पलीकडे उतरते ती कोरडी. फरक दहापट, रंग मात्र एकच. उपविभागाचा पाऊस 'सामान्य' ठरला, म्हणजे दीर्घकालीन सरासरीच्या १९ टक्के खाली-वर राहिला, तरी माणमध्ये टँकर फिरत असू शकतो.

तुम्ही म्हणाल, मग बारीक जाळीचा डेटा वापरू. हवामान खात्याचा पाव अंशाचा, १९०१ पासूनचा डेटा आपण सगळेच वापरतो. पण पाव अंश म्हणजे साधारण २७ किलोमीटर, आणि एका चौकोनात आजूबाजूच्या केंद्रांवरून काढलेला एकच आकडा असतो. आता २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी, कुलाब्याला जेमतेम ७४. दोन्ही वेधशाळांमधलं अंतर २५ किलोमीटरच्या आतलं!

मी रे रोडला वाढले. पहिल्या मसुद्यात मी रे रोडसमोर त्या दिवसाचा कुलाब्याचा आकडा बिनधास्त लिहिला होता, कारण दोघांत जवळचं केंद्र तेच. मॅडमनी एवढंच विचारलं, "अगं, तिथे मोजला होता का?" मी गप्प. माझ्याकडे आकडा होता, मोजमाप नव्हतं. आणि त्याच आकड्यावर मी नाल्यांबद्दल दोन पानं लिहून बसले होते.

शिवाय नाल्याला वर्षाचा आकडा कळत नाही. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिमी पावसाच्या हिशोबाने बांधलेल्या. वर्षभराचा पाऊस अगदी सरासरीइतका पडला, तरी एका तासात पाणी तुंबतं.

म्हणून नकाशा चिकटवण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचारा. ही सरासरी किती जागेची? किती काळाची? आणि त्या जागी पर्जन्यमापक खरंच होता का? २००५ नंतर महापालिकेने शहरात ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, त्यामुळे पुढच्या वर्षांसाठी तिसरा प्रश्न थोडा सोपा झालाय.

ती दोन पानं मी काढून टाकली. तक्त्यात रे रोडच्या ओळीत २६ जुलैच्या रकान्यात आता आडवी रेघ आहे. व्हायव्हाला कुणी विचारलंच, तर त्या रेघेबद्दल मी दहा मिनिटं बोलू शकते. आधीच्या आकड्याबद्दल एक मिनिटही बोलता आलं नसतं.