क्रीडांगण आणि देवळाचे प्रांगण
फातोर्ड्याचे जवाहरलाल नेहरू स्टेडियम १९८९ साली उभे राहिले. त्याच वर्षी तेथे आंतरराष्ट्रीय क्रिकेटचा सामना झाला; २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाचेही सामने झाले. पाहुण्यांसाठी ही वास्तू सजली, हे गोमंतकास भूषणावहच होय. परंतु आमच्या पेडणे-डिचोलीतील देवळांची प्रांगणे पाहावीत. जत्रेस तेथे पालखी फिरते, रात्री दशावतारी काला रंगतो, एरव्ही मुले खेळतात. बहुउद्देशीय म्हणावे ते यांनाच! सासष्टीतील ते भव्य क्रीडांगण उत्तरेकडील मुलांस दूर पडते. वास्तूचे मोठेपण आसनांच्या संख्येत नव्हे, नित्याच्या राबत्यात असते, असे आम्हांस वाटते. पाहुणे परतल्यावरही ज्याचे दार गावच्या मुलांस उघडे, तेच खरे क्रीडामंदिर.