एकास चार

भाकीत हा साहित्यप्रकार आमच्या समीक्षकांनी आजवर उपेक्षित ठेवला आहे. ते कादंबरीवर लिहितात, नवकवितेवरून भांडतात. पण ‘यंदा कोण जिंकणार’ हे मोसमाआधीच सांगणाऱ्या लेखनाला कोणी हात लावत नाही. वास्तविक या लेखनाला वाचक अमाप. शिवाय तो नुसता वाचून थांबत नाही, लगेच खिशात हात घालतो. असे भाग्य किती कवींच्या वाट्याला येते? तेव्हा ही समीक्षा मीच करायला घेतली आहे.

साधनसामग्री भाच्याने पुरवली. 2018 साली तो महाडच्या एमआयडीसीत नोकरीला लागला आणि पहिल्या तीन पगारांतले अकरा हजार मोबाइलवरच्या कबड्डीच्या पैजांत घालवून बसला. त्यातले पाच हजार आमच्या ताईच्या शिलाई मशीनसाठी बाजूला ठेवलेले होते. ज्या भाकितांच्या भरवशावर हा पराक्रम झाला, ती त्याने जपून ठेवली होती. ‘‘मामा, सगळी एक्स्पर्ट माणसं आहेत हो,’’ असे म्हणून त्याने ती माझ्यापुढे धरली. मी ती सगळी वाचली. ताईने एकही वाचले नाही. पण तिचे मत माझ्याहून स्पष्ट होते.

आता थोडी पार्श्वभूमी. प्रो कबड्डी 2014 साली सुरू झाली. 2017 मध्ये संघ बारा झाले आणि त्यांचे सहा-सहांचे दोन झोन पाडले. झाले! अंतिम विजेता कोण हा एकच प्रश्न होता, तिथे झोनमध्ये पहिला कोण हे आणखी दोन प्रश्न निघाले. भाकितवाल्यांच्या शेताला दुबार पीक आले म्हणायचे.

या वाङ्मयाचा पहिला विशेष म्हणजे ‘शकतो’ हे क्रियापद. ‘पुणे बाजी मारू शकतो.’ ‘मुंबईला कमी लेखून चालणार नाही.’ ‘दुखापतींनी घात केला नाही, तर बंगाल धक्का देऊ शकतो.’ एका लेखात मी मोजले, सहापैकी पाच संघ पहिले येऊ शकत होते. सहावाही ‘आश्चर्य’ घडवू शकत होता. अशा लेखकाला खोटे कोण पाडणार? पत्रिका बघणारा ज्योतिषीसुद्धा इतका सावध नसतो. तो निदान ‘मुलगा किंवा मुलगी’ एवढे तरी निश्चित सांगतो.

दुसरा विशेष गणिताचा. समजा, झोनमधल्या सहाही संघांवर एकास चार असा भाव आहे. म्हणजे शंभर लावले आणि संघ पहिला आला, तर चारशे मिळणार आणि आपले शंभर परत. ऐकायला किती उदार! आता तुम्ही सहाही संघांवर शंभर-शंभर लावा. भाकीत चुकण्याची सोयच राहिली नाही. सहाशे गेले, पाचशे आले. म्हणजे शंभर टक्के बरोबर येऊनही तुम्ही शंभर रुपयांनी झोपलात! भाच्याला हे कागदावर मांडून दाखवले. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘‘मग हे शंभर गेले कुठे?’’ तीन पगारांनंतर पडलेला का होईना, हा या साहित्यावरचा सर्वांत मर्मग्राही प्रश्न होता. भाव लावणाऱ्याचे घर त्या शंभरावर चालते.

हे दुखणे केवळ आपलेच नाही. अमेरिका-कॅनडात बर्फावरच्या हॉकीची मोठी लीग आहे. तिचेही पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग. 2017 मध्ये तिच्यात लास व्हेगासचा, म्हणजे जुगाराच्या माहेरघरचाच, कोरा करकरीत संघ उतरला. तो करंडक जिंकेल यावर काही बुकींनी एकास पाचशे भाव लावला होता. त्या संघाने पहिल्याच मोसमात पश्चिम विभाग जिंकला आणि अंतिम फेरी गाठली. तिथे तो वॉशिंग्टनकडून हरला, तेव्हा कुठे बुकींच्या जिवात जीव आला असेल. आपल्याकडे त्याच 2017 साली गुजरातचा नवा संघ आपल्या झोनमध्ये पहिला आला, दुसऱ्या झोनमध्ये बंगाल पहिला आला, आणि करंडक नेला पाटण्याने, जो बंगालच्या मागे दुसरा होता! पाटण्याच्या प्रदीप नरवालने त्या मोसमात हरियाणाविरुद्ध एकाच सामन्यात चढायांचे 34 गुण घेतले. हे कुठल्या भाकितात होते? खेळाडूंनी भाकिते वाचलेली नसतात, ही या धंद्यातली मोठीच अडचण.

याउलट पोलादपूरचे आमचे काका. गावच्या मैदानावर दिव्यांच्या उजेडात सामने असले, की काका रेषेजवळ मांडी घालून बसतात. त्यांचे भाकीत असे : ‘‘डावा कोपरा कच्चा आहे. त्या पोराचा गुडघा दुखतोय, काल एस.टी.त चढताना बघितलाय मी त्याला. दुसऱ्या डावात लोण बसणार.’’ यात ‘शकतो’ नाही. कारण आहे, पुरावा आहे, वेळसुद्धा आहे. लोण नाही बसले, तर काकांनी सगळ्यांना वडापाव द्यायचा आणि शिमग्यापर्यंत टिंगल ऐकायची. काका पुष्कळदा चुकतात. पण चुकले, तर दुसऱ्या दिवशी स्टँडवर सापडतात.

आणि महाडच्या बाजारपेठेतला दुकानदार? सावित्री महाबळेश्वरहून निघून पोलादपुरावरून महाडला येते. जुलैत वर पाऊस कोसळू लागला, की तो पोलादपूरच्या पाहुण्याला फोन करतो, भरतीची वेळ बघतो आणि ठरवतो : माल माळ्यावर चढवायचा की नाही. चढवला आणि पाणी आले नाही, तर हमाली फुकट जाते. नाही चढवला आणि आले, तर दुकान जाते. 22 जुलै 2021 च्या पुराने भल्याभल्यांचे अंदाज वाहून नेले. पण अंदाज करणाऱ्याचा माल त्या अंदाजात होता. भाकिताला वजन येते ते असे.

माझा आक्षेप भाकीत चुकण्याला नाही. उद्याचे सगळे कळले, तर कबड्डी बघायला कोण जाईल? आक्षेप एवढाच, की या वाङ्मयात पोळी लेखकाची आणि चटका वाचकाचा. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, हे बरेच झाले. पण मोहाला कायद्याची कलमे वाचता येत नाहीत. म्हणून समीक्षक या नात्याने मी वाचकांना एक साधी कसोटी सुचवतो. कोणी छातीठोकपणे विजेता सांगू लागला, की नम्रपणे विचारावे, ‘‘आणि तुमचे स्वतःचे किती लावलेत?’’

उत्तर येईपर्यंत हात खिशाबाहेर ठेवावा.