यंत्रमानवाची बोधरचना आणि ‘भाव’ हा शब्द

यंत्रमानवास ‘सामाजिक’ हे विशेषण केव्हा लावावे, या प्रश्नाची चर्चा सिंथिया ब्रेझील यांचा ‘डिझायनिंग सोशिएबल रोबॉट्स’ (२००२) हा ग्रंथ वगळून होऊ शकत नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये गेल्या शतकाच्या अखेरीस घडविलेला ‘किस्मेट’ हा या ग्रंथाचा नायक होय. (नावाचा अर्थ मराठी वाचकास निराळा सांगावयास नको.) त्यास धड नाही, मस्तक तेवढे आहे. हलणारे डोळे, भुवया, कान व ओठ एवढ्या सामग्रीवर तो माणसांत वावरतो.

त्याच्या बोधरचनेच्या मुळाशी तीन प्रेरणा आहेत: सहवासाची, उत्तेजनाची आणि विश्रांतीची. प्रेरणा म्हणजे येथे केवळ एक बदलती राशी. ती ठरावीक मर्यादेबाहेर गेली की यंत्राचे वर्तन पालटते. बराच वेळ कोणी समोर आले नाही तर मुद्रा खिन्न होते. कोणी फारच जवळ आले तर मस्तक मागे सरते. यातच या रचनेचे खरे चातुर्य आहे. मस्तक मागे सरलेले पाहून माणूस संकोचाने आपण होऊन दूर होतो, आणि यंत्राच्या नेत्रांना सोयीचे अंतर पुन्हा साधते. यंत्राचे उणे माणसाच्या शिष्टाचाराने भरून निघते. शब्दार्थ त्यास कळत नाही. स्वराच्या चढउतारावरून स्तुती, निषेध, सांत्वन आणि लक्षवेध एवढेच ते ओळखते. तरीही संवाद चालल्यासारखा वाटतो, कारण या रचनेचा अर्धा भाग भेटीस आलेल्या माणसाच्या ठायी असतो.

अडचण आहे ती ‘भावना’ या शब्दाची. उत्तेजन, अनुकूलता व सन्मुखता या तीन अक्षांवरील एका बिंदूवरून चेहऱ्याची मुद्रा ठरते, आणि त्या बिंदूस ग्रंथाच्या परिभाषेत भावनेचे नाव मिळते. आपल्या रसचर्चेच्या भाषेत बोलावयाचे तर येथे अनुभाव आहेत, स्थायी भाव नाही. नटाच्या अंतःकरणात तरी तो कोठे असावा लागतो, असे यावर कोणी म्हणेल. आक्षेप बिनतोड दिसतो. परंतु प्रेक्षकास आपण नाट्य पाहत आहो याची जाणीव असते. किस्मेटपुढे बसलेल्या मुलास ती असतेच असे नाही. शेरी टर्कल यांनी ‘अलोन टुगेदर’ (२०११) या ग्रंथात अशा मुलांच्या भेटींचे वर्णन केले आहे. यंत्र बिघडून गप्प राहिले, तेव्हा आपण त्यास आवडलो नाही, असा अर्थ काहींनी घेतला.

या मुलांच्या अनुभवाने मूळ रचनेतील एक मोठी उणीव उघड होते. किस्मेटला व्यक्तीची स्मृती नाही. काल येऊन गेलेले मूल आज पुन्हा आले, तरी त्याच्या लेखी तो पुन्हा एक चेहरा आणि एक स्वर असतो. मूल मात्र कालची भेट मनात धरून आलेले असते.